होडीतील फोमचे आच्छादन : निवड आणि निगा

अंबड येथे मासेमारीची होडी कोणाच्या नजरेस पडावयाची नाही. नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीत सामावलेले हे जुने गाव आज ओळखले जाते ते औद्योगिक वसाहतीमुळे. मुंबई-आग्रा महामार्ग जवळून जातो, वाहनांचे सुटे भाग व विजेची उपकरणे तयार करणारे कारखाने येथे आहेत, आणि समुद्र राहतो सह्याद्रीपलीकडे. तरीही होडीत अंथरावयाच्या फोमची चर्चा अंबडपासून सुरू करण्यास दोन सबळ कारणे आहेत. पहिले असे की, फोम हा कारखान्याचा माल आहे. होडीवर येण्यापूर्वी तो अशाच एखाद्या वसाहतीत तक्त्यांच्या रूपाने रचलेला असतो, आणि त्याच्याच शेजारी आवेष्टनासाठी, गाद्यांसाठी व आसनांसाठी वापरावयाचे इतर फोमही असतात. दिसण्यात एकसारखे आणि गुणांत सर्वस्वी भिन्न अशा या जिनसांतून नेमकी योग्य ती उचलणे हे खरेदीदाराचे काम. दुसरे कारण नाशिक जिल्ह्याच्या नकाशावर दिसते. गंगापूर, दारणा, मुकणे, चणकापूर, गिरणा, वैतरणा असे लहानमोठे जलाशय या जिल्ह्यात आहेत आणि गोड्या पाण्यातील मासेमारीवर पोट भरणारी कुटुंबे त्यांच्या काठी राहतात. त्यांच्या होड्या लहान, खर्च करण्याची ऐपत मर्यादित. म्हणून खरेदीत झालेली चूक त्यांना अधिक भोवते.

हा विषय वरवर क्षुल्लक वाटेल. होडीला छिद्र पडले तर ती बुडते, जाळे फाटले तर मासळी जाते; पायाखाली मऊ काही असले काय आणि नसले काय, असे कोणी म्हणेल. परंतु होडीत मनुष्य कसा काम करतो हे पाहिले म्हणजे मत बदलते. जाळे ओढताना मासेमार काठाला गुडघे टेकतो, शरीराचा भार एका पायावर घेतो आणि ओली, वजनदार दोरी हाताने खेचतो. त्या क्षणी पायाखाली माशांचा बुळबुळीत स्राव, पाणी आणि कधी सांडलेले डिझेल असते. फायबरचा गुळगुळीत पृष्ठभाग अशा वेळी साबण लावलेल्या फरशीसारखा होतो. पाय घसरून मनुष्य पाण्यात पडला आणि जाळ्यात अडकला, तर पोहता येत असूनही त्याचा उपयोग होत नाही. शिवाय इंजिनाच्या होडीत तासन् तास बसणाऱ्या खलाशाच्या गुडघ्यांना व कमरेला यंत्राची थरथर सोसावी लागते ती वेगळीच. पूर्वी लाकडी होडीत गोणपाट, काथ्याची चटई किंवा जुन्या टायरचा तुकडा टाकून हे काम भागविले जाई. गोणपाट ओले झाले की वजन धरते आणि कुजते, पण सागाच्या खरबरीत फळीवर त्याची निकडही कमी होती. फायबरच्या होड्या प्रचारात आल्या आणि आच्छादनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला.

फोम म्हणजे नेमके काय

प्लॅस्टिक किंवा रबर यांच्या वितळलेल्या लगद्यात वायूचे असंख्य बुडबुडे निर्माण करून तो गोठविला म्हणजे फोम तयार होतो. या बुडबुड्यांना आपण कोश म्हणू. सर्व प्रश्नांचे मूळ या कोशांच्या भिंतीत आहे. भिंती फुटून एक कोश दुसऱ्यास मिळालेला असेल तर पाणी आणि हवा त्यातून ये-जा करू शकतात. आंघोळीचा स्पंज आणि गादीतील पॉलियुरेथेनचा फोम या जातीचे. भिंती अखंड असतील तर प्रत्येक कोश हा हवेचा एक बंद डबा असतो आणि पाण्याला आत शिरण्यास वाव राहत नाही. पहिल्यास खुल्या कोशांचा व दुसऱ्यास बंद कोशांचा फोम म्हणतात. होडीसाठी बंद कोशांचाच फोम हवा, याबाबत दुमत नाही.

खुल्या कोशांचा फोम किती घातक ठरतो ते साध्या हिशेबाने समजते. एका लहान होडीत दोन चौरस मीटर जागेवर २५ मिलिमीटर जाडीचा गादीचा फोम टाकला असे समजा. त्याचे घनफळ ५० लिटर झाले. पावसाने किंवा होडीत येणाऱ्या पाण्याने तो पुरता भिजला तर चाळीस ते पंचेचाळीस किलोग्रॅम पाणी त्यात साठते, म्हणजे एक वाढते मूल होडीत नेहमीसाठी बसवून ठेवल्यासारखे झाले. हे वजन उपसून टाकता येत नाही, कारण ते मोकळे पाणी नसून फोमने धरून ठेवलेले असते. त्याखेरीज माशांचे रक्त आणि खवले त्यात मुरतात, दुर्गंधी सुटते व ती धुऊन जात नाही.

बंद कोशांच्या फोममध्येही सर्व प्रकार सारखे नाहीत, आणि येथेच बहुतेक खरेदीदार फसतात. विजेची उपकरणे खोक्यात ठेवताना भोवती जो पांढरा, हलका, लवचिक फोम गुंडाळतात तो विस्तारित पॉलिएथिलीनचा. तो पाणी पीत नाही, पाण्यावर सुरेख तरंगतो आणि वापरून झाल्यावर स्वस्तात मिळतो. यामुळे तोच होडीत घालावा असा मोह होणे स्वाभाविक आहे. पण त्याची घनता एका घनमीटरला पंचवीस किलोग्रॅमच्या आसपास असते; पायाच्या टाचेखाली तो लवकरच चपटा होतो, नखाने फाटतो आणि उन्हात काही महिन्यांतच ठिसूळ होऊन त्याचा भुगा पडू लागतो. थर्माकोलची गत याहून वाईट. अनेक जलाशयांत थर्माकोलचे तराफे करून मासेमारी केली जाते, तेव्हा त्याची तरंगण्याची शक्ती निर्विवाद आहे; परंतु उघडा थर्माकोल पायाखाली दाणे सोडतो आणि पेट्रोलचा थेंब पडताच विरघळतो.

पायाखाली टिकणारा पदार्थ म्हणजे एथिलीन व्हायनिल ॲसिटेट, ज्याला बाजारात ईव्हीए म्हणून ओळखतात. वाचकांपैकी अनेकांनी तो पायात घातलेला आहे, कारण हलक्या चपलांचे तळवे याचेच असतात. होडीवर वापरावयाच्या तक्त्याची घनता साधारणतः दीडशे ते दोनशे किलोग्रॅम प्रतिघनमीटर आणि जाडी पाच ते सहा मिलिमीटर असते. क्रॉसलिंक केलेला, म्हणजे ज्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींस जोडून पक्क्या केल्या आहेत असा पॉलिएथिलीनचा फोमही चालतो. तो किंचित कडक आणि बहुधा स्वस्त असतो. चपलेचा दृष्टान्त पुढेही उपयोगी पडेल. जुन्या चपलेचा तळवा टाचेखाली जसा दबून पातळ झालेला दिसतो, तसेच होडीत सुकाणूपाशी आणि जाळे ओढण्याच्या जागी आच्छादन आधी दबते. चपलेच्या तळव्यावरील नक्षी झिजली की ती ओल्या फरशीवर घसरू लागते, तेही येथे लागू आहे.

जाडीविषयी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. जितके जाड तितके चांगले, हे गादीबाबत खरे असेल, होडीत नाही. डोलणाऱ्या होडीत जाड व मऊ पृष्ठभागावर उभा राहणारा मनुष्य तोल सावरण्यासाठी अधिक श्रम करतो, कारण पाय रुततो आणि होडीची हालचाल पायाला उशिरा कळते. उभे राहण्याच्या जागी सहा मिलिमीटर पुरेसे होतात. बसण्याच्या फळीवर आणि गुडघे टेकण्याच्या काठावर दहा-बारा मिलिमीटर जाडीचा तुकडा लावावयास हरकत नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेतील परीक्षा

विक्रेत्याने दिलेल्या माहितीपत्रकावर विसंबण्यापेक्षा नमुना आणून तपासणे शहाणपणाचे. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. तालुक्याच्या कोणत्याही माध्यमिक शाळेत पुढील प्रयोग करता येतील, आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी ते विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास घनता, घर्षण व प्लवन हे तीन धडे एकाच वेळी शिकविल्यासारखे होतील. गावातील मच्छीमार सहकारी संस्थेस आपल्या शाळेचा अहवाल उपयोगी पडला, याचे मोल मुलांच्या दृष्टीने वेगळे सांगावयास नको.

प्रथम घनता. सहा मिलिमीटर जाडीच्या तक्त्याचा १० सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद तुकडा कापावा. त्याचे घनफळ ६० घनसेंटिमीटर होते. सराफाच्या काट्यावर त्याचे वजन नऊ ते बारा ग्रॅम भरले तर घनता दीडशे ते दोनशेच्या दरम्यान आहे. वजन दोन-तीन ग्रॅमच भरले, तर माल आवेष्टनाचा आहे हे ओळखावे, मग तो कोणत्याही रंगाचा असो.

त्यानंतर पाणी. तोच तुकडा बादलीत बुडवून ठेवावयाचा. मात्र तो तरंगणार, म्हणून त्यावर जाळी ठेवून दगडाने दाबावा. दिवसभरात आठ-दहा वेळा तो पाण्यातच बोटांनी जोराने दाबावा. होडीत पाय हेच करीत असतो, आणि कच्च्या भिंतीचे कोश अशा दाबाने फुटतात. चोवीस तासांनी बाहेर काढून फडक्याने वरचे पाणी टिपावे व पुन्हा वजन करावे. कापलेल्या कडांवरील उघड्या कोशांत थोडे पाणी राहणारच, त्यामुळे लहान तुकड्यात दोष असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. तरीही दहा ग्रॅमच्या तुकड्यात एक ग्रॅमहून अधिक वाढ झाली, तर तो तक्ता घेऊ नये असे मी म्हणेन. गादीच्या फोमचा तुकडा शेजारी ठेवून त्याचेही वजन करावे; त्याचे आकडे पाहून मुलांना वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

तिसरी परीक्षा दबण्याची. पाच सेंटिमीटर चौरस तुकड्यावर सपाट फळीचा लहान ठोकळा ठेवून वीस किलोग्रॅमचे वजन द्यावे. एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे ८०० ग्रॅम भार येतो. एक दिवसानंतर वजन काढून अर्धा तास थांबावे आणि व्हर्नियर कॅलिपरने जाडी मोजावी. सहा मिलिमीटरचा तक्ता पाचाच्या वर परत आला तर उत्तम. चारावर राहिला तर एका हंगामात त्याची ताडपत्री होईल.

शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची परीक्षा घसरण्याची. एक मीटर लांबीच्या फळीवर नमुना चिकटवावा, त्यावर पाणी शिंपडावे आणि रबरी तळव्याच्या चपलेत एक किलोचे वजन ठेवून ती वर मांडावी. मग फळीचे एक टोक हळूहळू उचलीत जावे व चपल घसरू लागेल तेव्हा त्या टोकाची उंची मोजावी. उंची ५० सेंटिमीटर भरली तर कोन ३० अंशांचा झाला. ३४ सेंटिमीटर भरली तर २० अंशांचा. पुढे हाच प्रयोग भेंडीच्या बुळबुळीत पाण्याने करावा, कारण नुसते पाणी माशांच्या स्रावाचे काम करीत नाही. मासळी बाजारातील धुवण मिळाले तर अधिकच चांगले. गुळगुळीत तक्ता, घासून खरबरीत केलेला तक्ता आणि खाचा पाडलेला तक्ता यांतील फरक येथे डोळ्यांना दिसतो. खाचांचा तक्ता बहुधा सरस ठरतो, कारण चिकट द्रव खाचेत उतरतो व पायाला कोरडा माथा मिळतो. तथापि खाचा फार अरुंद असल्या तर त्यात खवले अडकतात आणि रोज ब्रशने काढीत बसावे लागते. खाचांची दिशा होडीच्या कडेकडील पाणी जाण्याच्या छिद्रांकडे असावी.

रंगाची निवड ही हौसेची बाब मानू नये. काळा किंवा गडद निळा तक्ता वैशाखाच्या उन्हात अनवाणी पाय ठेवू देत नाही आणि अधिक तापल्यामुळे अधिक प्रसरणही पावतो. फिकट राखाडी किंवा मातकट रंग घ्यावा. पांढरा चकाकतो व डाग दाखवितो.

कोठे लावावा, कोठे लावू नये

संपूर्ण होडी फोमने मढविण्याची गरज नसते, आणि तसे करणे अनेकदा धोक्याचे असते. सुकाणू धरणाऱ्याची जागा, जाळे ओढण्याची बाजू, वल्हे मारणाऱ्याचे आसन, नाळेकडे उभे राहून नांगर टाकण्याची जागा आणि होडीत पाऊल ठेवण्याची पायरी एवढ्या ठिकाणी आच्छादन झाले की काम भागते. इंजिनाभोवती, इंधनाच्या टाकीच्या तोंडापाशी आणि स्टोव्ह पेटविण्याच्या जागी फोम लावू नये. ईव्हीए पेट घेतो, आणि डिझेल व पेट्रोल यांनी तो फुगून सैल पडतो. समुद्रावर अनेक दिवस राहणाऱ्या नौकांवर स्वयंपाक होतो, तेथे हे विशेष लक्षात ठेवावे.

मासळी फोमवर ओतू नये, हेही तितकेच आवश्यक. खाचांत राहिलेला अंश कुजतो आणि पुढच्या फेरीच्या ताज्या मासळीस लागतो. मासळीसाठी क्रेट आणि बर्फ. फोम माणसाच्या पायांसाठी. माशांच्या खणाच्या भिंतीत उष्णता रोखण्यासाठी जो फोम भरतात तो वेगळ्या हेतूचा असतो, त्याला वरून फायबरचे वेष्टन असते. बर्फाच्या खणासाठी आणलेला तो कडक तक्ता उरला म्हणून पायाखाली टाकण्यात अर्थ नाही.

आता लाकडी होडीचा प्रश्न. फळीवर फोम कायमचा चिकटविला तर खाली शिरलेले पाणी वाळत नाही. लाकूड कुजते, खिळे गंजतात, आणि फळ्यांमधील सांधे गळू लागले तरी वरून काही दिसत नाही. त्यामुळे लाकडी होडीत फोम थेट फळीला चिकटवू नये. सुट्या पातळ पट्ट्यांच्या चौकटीवर तो बसवून ती चौकट होडीत ठेवावी व दररोज उचलून वाळवावी. फायबरच्या होडीत कायमचे चिकटविण्यास हरकत नाही. परंतु तेथेही जोडांच्या रेषा आणि तपासणीची झाकणे मोकळी सोडावीत. होडीच्या तळाला भेग पडली तर ती दिसली पाहिजे. आच्छादनाखाली लपलेली भेग भर पाण्यात प्रकट होते.

आणखी एक मुद्दा पंचायतीच्या सदस्यांनी व संस्थांच्या संचालकांनी गाठी बांधावा. फोम तरंगतो, म्हणून फोम लावलेली होडी बुडणार नाही, असा समज काही ठिकाणी आढळेल. हिशेब असा आहे : दोन चौरस मीटरवरील सहा मिलिमीटर आच्छादनाचे घनफळ १२ लिटर, दीडशेच्या घनतेने त्याचे स्वतःचे वजन १.८ किलोग्रॅम, म्हणजे उरलेली उचलण्याची शक्ती दहा किलोग्रॅमच्या जरा वर. इंजिन, जाळे आणि माणसे धरून पाण्याने भरलेल्या होडीस ती काहीच नव्हे. हे आच्छादन जीवरक्षक जाकिटाची जागा घेऊ शकत नाही. एखाद्या संस्थेकडे दोहोंपैकी एकापुरताच निधी असेल तर तो जाकिटांवर खर्च करावा, त्यानंतर होडीच्या दुरुस्तीवर, आणि मगच आच्छादनावर. हा क्रम बदलण्यास मला तरी कोणतेही कारण दिसत नाही.

बसविण्याची रीत

मापे घेण्यासाठी जुनी वर्तमानपत्रे जोडून होडीच्या तळावर पसरावीत, कडा पेन्सिलीने आखून घ्याव्यात आणि तो कागदी साचा कारखान्यात न्यावा. होडीच्या बाजू सरळ नसतात, तेव्हा फुटपट्टीने घेतलेले माप चुकते. उजव्या व डाव्या बाजूचे साचे वेगळे करून त्यांवर तशी नोंद करावी. तुकड्यांचे कोपरे काटकोनात न ठेवता रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलाईने कापावेत. जाळ्याचा धागा आणि शिशाच्या गोळ्या टोकदार कोपऱ्यातच प्रथम अडकतात आणि आच्छादन उचकटतात. दोन तुकड्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटरची मोकळी वाट ठेवावी. पाणी तिच्यातून वाहते आणि तक्त्याला प्रसरणास जागा मिळते.

आच्छादन सुटण्याची कारणे शोधली तर दहापैकी नऊ वेळा दोष फोममध्ये नसून खालच्या पृष्ठभागात सापडेल. पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने धुवावा, गोड्या पाण्याने खळबळावा, पूर्ण वाळू द्यावा. सुटत असलेला जुना रंग खरवडून काढावा, कारण गोंद रंगाला धरून राहतो आणि रंगच होडीला सोडून जातो. त्यानंतर स्वच्छ फडक्यावर स्पिरिट घेऊन तेलाचा अंश पुसावा. काही तक्त्यांना मागून चिकट थर व कागद असतो. त्यांचा कागद एका टोकाकडून थोडा थोडा ओढीत रूळ फिरवून बसवीत जावे. चिकट थर नसेल तर सोल्युशन दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावून, बोटाला न चिकटण्याइतके सुकल्यावरच दाबावे. ओलेपणी दाबण्याची घाई केली तर आत अडकलेल्या द्रावकाचे फुगे येतात. हे द्रावक ज्वालाग्राही असते. काम उघड्यावर करावे आणि भोवती कोणी बिडी ओढू नये. बसविल्यानंतर निदान एक पूर्ण दिवस होडी पाण्यात नेऊ नये, दोन दिवस थांबल्यास अधिक बरे.

ऋतूचा विचार येथे करावा लागतो. निफाडच्या बाजूस थंडीचा कडाका प्रसिद्ध आहे. अशा पहाटे गोंद धरत नाही आणि आकसलेला तक्ता पुढे उन्हाळ्यात फुगून कडेला उचलतो. उलट वैशाखातील दुपारी ताणलेला तक्ता हिवाळ्यात आकसून फटी दाखवितो. जलाशयातील होड्यांसाठी फाल्गुन-चैत्रातील सकाळ उत्तम : हवा कोरडी, पाणी उतरू लागलेले आणि होडी काठावर ओढण्यास सोपी. कोकण किनाऱ्यावर अडचण निराळी आहे. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते आणि नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. दुरुस्तीला मोकळा वेळ तेव्हाच मिळतो, पण हवेतील ओलावाही तेव्हाच सर्वाधिक असतो. त्यामुळे मापे घेणे, तक्ते कापून आणणे आणि जुने आच्छादन खरवडणे ही कामे बंदीच्या काळात करावीत, आणि चिकटविणे मात्र पक्क्या छपराखाली, पावसाची उघडीप पाहून करावे. आठवडाभराची उघडीप मिळाली नाही तर नारळी पौर्णिमेच्या घाईत ते उरकू नये. दोन महिने थांबून ऑक्टोबरच्या उन्हात केलेले काम अधिक टिकेल.

रोजची निगा

निगा राखण्यास खर्च जवळजवळ नाही. सवय मात्र हवी. काठावर परतल्याबरोबर आच्छादनावर थंड पाणी ओतावे. माशांचे रक्त गरम पाण्याने गोठते आणि डाग पक्का होतो, म्हणून थंडच. आठवड्यातून एकदा सौम्य साबण व नायलॉनचा मऊ ब्रश खाचांच्या दिशेने फिरवावा. तारेचा ब्रश, थिनर, पेट्रोल आणि ॲसिटोन वर्ज्य समजावीत. समुद्रावरील नौकेस गोड्या पाण्याने धुणे अधिक महत्त्वाचे, कारण वाळलेल्या मिठाचे कण पायाखाली वाळूसारखे घासतात. धुण्याच्या यंत्राचा जोराचा फवारा कडांवर मारू नये. पाणी कडेखालून आत शिरते आणि गोंद सोडविते. डिझेल सांडले तर फडक्याने टिपून लगेच साबण लावावा. होडी काठावर असताना जुन्या ताडपत्रीची सावली केली तर आच्छादनाचे आयुष्य बरेच वाढते. उन्हातील अतिनील किरणांनी त्याची जी हानी होते ती पायांनी होणाऱ्या हानीपेक्षा कमी नसते. गळ आणि सुरी ठेवण्यासाठी एक लाकडी फळी वेगळी असावी.

महिन्यातून एकदा बोटाने सर्व कडा चाचपाव्यात. उचललेला कोपरा त्याच दिवशी दुरुस्त करावा. जुना गोंद खरवडून, जागा धुऊन व वाळवून दोन्ही बाजूंस सोल्युशन लावले की काम होते. आठ दिवस दुर्लक्ष केले तर त्याच कोपऱ्यात जाळे अडकून सबंध तुकडा जातो. हाताने चोळल्यावर बोटांना भुकटी लागू लागली, किंवा खाचा झिजून सपाट झाल्या, तर आच्छादन बदलण्याची वेळ आली आहे. ते दिसावयास धड असले तरी घसरण्यापासून वाचवीत नाही.

ही भुकटी केवळ होडीचाच प्रश्न नाही. गंगापूर धरणाचे पाणी नाशिक शहर पिते. तेथून गोदावरी पुढे निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर येथे पोहोचते, आणि रामसर यादीत समाविष्ट झालेले राज्यातील पहिले पाणथळ क्षेत्र तेच. फोमचे कण पाण्यात नाश पावत नाहीत. ते बारीक होत जातात, मासे व पाणपक्षी त्यांना अन्न समजून गिळतात. राज्याने २०१८ मध्ये थर्माकोलच्या ताटवाट्या व सजावटीच्या वस्तूंवर बंदी घातली. होडीतील आच्छादन त्या बंदीत येत नाही, पण ती ज्या कारणाने आली ते कारण जलाशयाच्या काठी अधिकच लागू पडते. म्हणून आवेष्टनाचा ठिसूळ फोम व उघडा थर्माकोल होडीच्या तळावर येऊ न देणे, हे संबंधित संस्थांच्या खरेदीच्या अटींतच नमूद करावे. त्या अटींत पदार्थाचे नाव, बंद कोशांचा असल्याचा उल्लेख, घनता, जाडी, चोवीस तासांतील जलशोषण, अतिनील किरणांस प्रतिकार आणि पृष्ठभागाचा प्रकार यांचा समावेश असावा, व नमुन्याचा तुकडा शिक्का मारून संस्थेच्या कपाटात ठेवावा. माल आल्यावर त्यातील एक तुकडा त्या नमुन्याशेजारी ठेवून पुन्हा वजन करण्यास पाच मिनिटे लागतात.

काढलेले जुने आच्छादन जाळू नये. त्याचा धूर घशाला झोंबणारा व अपायकारक असतो आणि काठावर राहिलेला वितळलेला गोळा पुढच्या पावसात पाण्यातच जातो. सुटे करताना तुकड्यावर गरम पाणी ओतून गोंद मऊ करावा व लाकडी पात्याने एका टोकाकडून सोलावे. धातूचे पाते फायबरला ओरखडे पाडते. न झिजलेले भाग दोन होड्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून बाजूला बांधण्यास किंवा क्रेटच्या तळाखाली घालण्यास उपयोगी पडतात. उरलेला चुरा गोणीत भरून, तोंड शिवून नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या सुक्या कचऱ्यात द्यावा. खरवडण्याचे काम होडी पाण्याच्या रेषेपासून दूर ओढून आणि खाली ताडपत्री अंथरूनच करावे.